भाजीपुरती कानडी

आजारी माणसाला आधी आपला माणूस गाठून द्यायचा आणि मग औषध, अशी आमच्या मंडळाची पद्धत होती. बंगलोरला नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाला हे मंडळ घर शोधून देई, कामाला बाई शोधून देई, चकलीची भाजणी कुठं नीट दळून मिळते तेही सांगे. डोळ्यांना, दातांना, गुडघ्यांना एकेक मराठी डॉक्टर ठरलेला होता. "दात काय, कुणीही काढेल हो," मंडळाचे अध्यक्ष म्हणत, "पण दुखतंय कसं, ते मराठीतच सांगता येतं." या वाक्याला मीही मान डोलावलेली आहे. मराठी माणसाच्या दातात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. पण ठणका, कळ आणि सणक यांतला फरक इंग्रजीत सांगून दाखवा, असं म्हटलं की पुस्तकं वाचणारा माणूस लगेच वश होतो.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माझं मन आजारी पडलं. आम्ही इंदिरानगरात राहत होतो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. कंपनीच्या बसनं रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचो आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. बायको धारवाडची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण शाळा, शेजार आणि भांडण कानडीत. लग्नानंतर काही दिवस तिचं मराठी मला गाणं म्हटल्यासारखं वाटे आणि माझं मराठी तिला कुणावर तरी खेकसल्यासारखं. ती इथल्या एका शाळेत गणित शिकवत होती.

दुःख झालं होतं असं म्हणता येणार नाही. दुःखाची वाचणाऱ्या माणसाकडं थोडीफार व्यवस्था असते. हे त्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. पहाटे दूधवाल्याच्याही आधी जाग यायची आणि दिवस पुढं भिंतीसारखा उभा असायचा. आंघोळीला बसलो की तांब्या हातात घेऊन तसाच बसून राहायचो. जेवण म्हणजे काहीतरी चावायचं काम झालं होतं. पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, पण एकीचा दुसरीशी संबंध लागायचा नाही. स्टॉपवर कंपनीची बस समोर येऊन थांबायची, ड्रायव्हर माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं बघायचो, आणि बस जायची.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. हे सगळं आता थांबावं, आपण नसावं, असं मला वाटू लागलं होतं. आधी अधूनमधून, मग रोज. बायकोला ते कळू नये म्हणून मी दिवसभर जे कौशल्य वापरत होतो, त्याच्या पासंगाला पुरेल इतकं कौशल्य मी नोकरीत कधी दाखवलं नव्हतं. तिच्यासमोर विनोद करायचो. विनोद चांगलेही असायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि उटीची सहल सुचवली. कंपनीनं तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवलं. सुटातला एक गृहस्थ प्रोजेक्टरवर एकेक ट्रान्सपरन्सी ठेवत होता. 'आनंद हा एक निर्णय आहे' ही त्यानं उलटी ठेवली, आणि सभागृहभर बसलेल्या इंजिनियरांपैकी एकानंही त्याला तसं सांगितलं नाही. सगळ्यांनी माना वाकड्या करून वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. पूर्वी अशा प्रसंगावर मी महिनाभर जगलो असतो. त्या दिवशी मला फक्त मान दुखल्याचं आठवतं.

शेवटी बायकोनं मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं. मनाच्या डॉक्टरची गोष्ट म्हणून त्यांनी आवाज खाली आणला आणि दार लावून घेतलं, पण नाव त्यांच्याकडं होतंच. "आपला माणूस आहे. पुण्याचा. विलायतेला जाऊन आलाय. कानडी डॉक्टरपुढं मन मोकळं करणार कसं, सांगा बघू? मनाचा मामला मातृभाषेतच."

मला ते पूर्ण पटलं. माझ्यासारख्या माणसाचं मन उलगडायचं तर समोरच्याला निदान अनुस्वार तरी कळायला हवेत, असा माझा आजारातही शाबूत राहिलेला माज होता.

आपल्या माणसाच्या दवाखान्यात काचेच्या टाकीत मासे होते आणि दिवे असे लावलेले, की उजेड कुठून येतो ते कळू नये. पदव्या फ्रेम करून भिंतीवर छतापर्यंत गेल्या होत्या. वरच्या दोन रांगा वाचायला शिडी लागली असती. डॉक्टर रुबाबदार आणि खरोखर प्रेमळ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मूळचे पुण्याचेच?"

"हो."

"पुण्यात कुठं?"

मी पेठ सांगितली. त्यांनी शाळा विचारली. मी शाळा सांगितली. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिथं गणिताच्या बाई होत्या, उंच, गोऱ्या, पोरांना कान धरून उभं करणाऱ्या…"

"त्या माझ्या मावशी."

"काय सांगता!" डॉक्टर उठून उभे राहिले. "माझ्या वहिनीच्या सख्ख्या चुलत बहीण त्या! अहो, म्हणजे आपण नातेवाईकच निघालो की!"

परमुलखात नातं निघालं की मराठी माणसाला जो आनंद होतो, तो खोदताना हंडा लागल्यावरही होत नसेल. त्यांनी माझा हात धरून हलवला. बायकोला ते आता 'वहिनी' म्हणू लागले. आणि त्या क्षणापासून मावशी त्या खोलीत येऊन बसली. ती येत्या मे महिन्यात एका मुंजीत मला भेटणार होती.

"हं, बोला. काय होतंय?" डॉक्टर मागं रेलले.

मी मावशीकडं पाहिलं आणि म्हणालो, "तसं काही विशेष नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या. आता वाटतं, खरी चूक शोधणाऱ्यातच आहे, पण दुरुस्तीला माणूस मिळत नाही."

डॉक्टर मोठ्यानं हसले. त्यांनी एक किस्सा सांगितला, मी एक सांगितला. माझा जास्त चांगला होता. निघताना ते बायकोला म्हणाले, "वहिनी, इतकी विनोदबुद्धी शाबूत असलेला माणूस डिप्रेशनमध्ये असूच शकत नाही. थोडे दमलेत. नाटक-बिटक दाखवा."

"आणि ती झोप येत नाही, त्याचं?"

"विचार कमी करायचे."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. एवढंच, की न सांगण्यासाठी लागणारं सगळं साहित्य मला त्या खोलीत हाताशी मिळालं: भाषा, हशा, नातं. मातृभाषेत माणूस मन मोकळं करतो हे खरं असेलही. पण दारं-खिडक्या लावून घेण्याच्या सगळ्या खिट्याही त्याला मातृभाषेतच ठाऊक असतात.

पुढच्या रविवारी सकाळी पुण्याहून मावशीचा फोन आला. "काय रे, तुला म्हणे हल्ली फार विचार येतात? तुझ्या आजोबांनाही यायचे. भिजवलेले बदाम खात जा."

फोन ठेवेपर्यंत बायको समोर उभी होती. मावशीचा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता. शाळेत तो चार वर्गांपर्यंत पोचायचा म्हणे.

"आपला माणूस बस झाला," ती म्हणाली. "आता परका बघते."

तिची डॉक्टर निवडण्याची तऱ्हा मी आजारी डोळ्यांनी पाहिली, आणि अजून तिचं आश्चर्य वाटतं. धारवाडची बाई कुकर घ्यायला गेली की चकाकी बघत नाही. बिघडला तर कोण दुरुस्त करतं ते विचारते. तिनं ओळखीच्यांना 'चांगला डॉक्टर कोण' असं विचारलंच नाही. 'पेशंटला गुण आला नाही, तर तुमचे डॉक्टर काय करतात?' असं विचारत ती हिंडली. बहुतेक ठिकाणी लोक दुखावले. तिच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ पूर्वी याच आजारातून गेला होता, त्या मात्र म्हणाल्या, "पहिली गोळी चालली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, माझा अंदाज चुकला, आता दुसरी बघू."

"चुकलं तर चुकलं म्हणतात त्या," बायको घरी येऊन म्हणाली. "आणि तोंडाच्या घट्ट आहेत. त्या भावाचा शेजारीसुद्धा त्यांच्याकडंच जायचा. दोघं एकदा जिन्यात समोरासमोर आले तेव्हा एकमेकांना कळलं."

"पदवी वगैरे पाहिलीस?" मी विचारलं. माणूस बुडतानाही ऐट सोडत नाही.

"बघितली की. एम.डी. आहेत, मनाच्या आजारातल्याच. एकच फ्रेम आहे. शेजारी कॅलेंडर."

"मराठी येतं?"

"एक अक्षर नाही. म्हणून तर."

दवाखाना यशवंतपूरला होता, घाऊक बाजाराच्या तोंडाशी, एका दुकानाच्या माडीवर. खाली सुक्या मिरचीची पोती उतरत होती आणि तिचा खकाणा जिन्यावरून सरळ वर यायचा. बाकांवर बसलेले सगळेच डोळे पुसत होते. व्यापारी होते, हमाल होते, सोन्याच्या बांगड्यांतली एक बाई होती, कॉलेजची एक मुलगी होती. त्यांत रडतंय कोण आणि मिरची कुणाला झोंबलीय, हे ओळखायची सोय नव्हती आणि कुणी तसा प्रयत्नही करत नव्हतं. रडण्याचा सराव नसलेल्या पुरुषांसाठी या शहरात याहून सोयीची जागा नसावी.

डॉक्टर पन्नाशीच्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, टेबलावर कॉफीचा थर्मास. बायकोची कानडी ऐकताच त्या हसल्या. "धारवाड का? तुमचे लोक 'या बसा' म्हणतात तेही भांडल्यासारखं."

"आणि म्हैसूरकडचे भांडतात तेही 'या बसा' म्हटल्यासारखं," बायको म्हणाली. डॉक्टरांना ते आवडलं असावं. मग त्यांनी माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, की काय त्रास आहे.

माझं भाषण तयार होतं. आधुनिक माणसाचं एकाकीपण, यंत्रयुगातला कंटाळा, जगण्यातला तोचतोचपणा. वाक्यं गोळीबंद होती. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही की मान हलवली नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "छान. तुमचं वाचन पुष्कळ दिसतं. कानडी येतं?"

"स्वल्प," मी म्हणालो. म्हणजे थोडं. एवढा शब्द बंगलोरात दगडालाही येतो.

"कुठं शिकलात?"

"भाजीवाल्याकडं."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. "मग मला भाजीवाल्याला सांगता तसं सांगा."

बायको मदतीला पुढं सरकली. ती दुभाषी व्हायला तयार होऊनच आली होती. डॉक्टरांनी हात वर केला. "अक्का, तुम्ही जरा बाहेर बसा."

ती गेली. मी माझी शिल्लक चाचपून पाहिली. बेकु, बेडा, साकु: हवं, नको, पुरे. एष्टु म्हणजे किती, ज्यास्ती म्हणजे जास्त. एवढ्या शब्दांत आमचं घर वांगी-कोथिंबीर आणून चालत होतं. त्यात माणूस किती मावतो, ते मी पहिल्यांदाच बघणार होतो.

"निद्दे?" त्यांनी विचारलं आणि गालाखाली हात ठेवून झोप दाखवली.

"स्वल्प."

"ऊटा?" जेवण.

"बेडा."

"केलसा?" काम.

"बेडा."

टेबलावर पडलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी उचलून दाखवलं. मी त्याच्याकडं पाहत राहिलो. माझ्या घरात पुस्तकांखाली भिंती दिसत नव्हत्या.

"बेडा," मी म्हणालो, आणि डोळे पुसले. मिरची होतीच.

"बदुकु?"

हा शब्द भाजीवाल्याकडचा नव्हता, पण बायकोच्या माहेरी ऐकलेला होता. जगणं. त्यांनी आवाज उतरवला नाही. खुर्ची पुढं ओढली नाही, चेहऱ्यावर करुणा आणली नाही. ताटात मीठ हवंय का, असं विचारावं तसं विचारलं: जगणं?

मराठीत या प्रश्नाला बगल द्यायच्या निदान दहा वाटा मला माहीत होत्या. हसण्याची एक, तत्त्वज्ञानाची एक, 'तसं काही नाही हो'ची एक. इंग्रजीत त्याहून जास्त. कानडीत फक्त तीन शब्द उभे होते, आणि त्यांतला एक घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नव्हतं.

"साकु," मी म्हणालो.

पुरे. कोथिंबिरीच्या जुडीला म्हणतो तसं. पिशवी भरली की म्हणतो तसं. आतापर्यंत जे मी स्वतःशीही नीट वाक्य करून म्हटलं नव्हतं, ते त्या खोलीत मोठ्यानं म्हटलं गेलं होतं, आणि खाली पोती उतरतच होती.

मी बड्या लोकांची व्यासपीठं पुष्कळ पाहिली आहेत आणि समईची वात नीट लागेपर्यंतच माझा आदर टिकतो, असा अनुभव आहे. पण त्या बाईंसमोर मला जे वाटलं, त्याला मी दुसरा शब्द शोधला आणि सापडला नाही: मी थक्क झालो. कुणीतरी मला तो प्रश्न विचारला होता. इतका सरळ, की त्याला पाठ दाखवायला जागाच नव्हती. आणि उत्तर ऐकून ते माणूस दचकलं नव्हतं.

पुढचं त्यांनी इंग्रजीत विचारलं. हा विचार रोज येतो का, काही ठरवलंय का, आज इथून गेल्यावर काय. माझी इंग्रजी उत्तरंही आता भाजीच्या मापाची झाली होती. मग त्या म्हणाल्या, "घरात माहीत आहे?"

"नाही."

"बाकीचं सगळं या खोलीत राहील. तुमच्या कंपनीला नाही, तुमच्या आईलाही नाही. पण हे एक घरी ठाऊक असायला हवं. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"सांगेन. घरी गेल्यावर."

"आत्ता."

त्यांनी बायकोला आत बोलावलं. ती पर्स दोन्ही हातांनी धरून बसली. तिच्याकडं पाहून मी मराठीत सुरुवात केली. "हे बघ, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे असं असतं, की माणसाच्या आयुष्यात एक टप्पा येतो, जिथं या सगळ्या धडपडीचा नेमका अर्थ काय, याबद्दल एक प्रकारचं…"

"काय सांगतायत?" डॉक्टरांनी बायकोला कानडीत विचारलं.

"कळलं नाही, डॉक्टर," ती म्हणाली.

मराठी न कळताही त्यांना लांबी कळत होती. त्या माझ्याकडं वळल्या. "मला एका शब्दात सांगितलंत. तुमच्या भाषेत एवढा वेळ का लागतोय?"

मग मी बायकोला सांगितलं. "मला जगू नये असं वाटतं. बरेच दिवस वाटतंय."

ती किंचाळेल, कोसळेल, मला धरून हलवेल, असं मी महिनोन्‌महिने मनात धरून चाललो होतो. तिनं फक्त पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"वाटलंच होतं की मला," ती म्हणाली. "पण विचारायची भीती वाटत होती. नसलं डोक्यात तर विचारून घालायची मीच."

तिनं तेच डॉक्टरांना कानडीत सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "विचारून कुणाच्या डोक्यात ते घालता येत नाही, अक्का. विचारा. रोज सकाळी विचारा. आणि उत्तर काय येतं ते मला कळवा."

मग कामाच्या गोष्टी झाल्या. रक्ताची तपासणी करायची, कारण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मंदावतो. गोळ्या बायकोच्या ताब्यात. काही दिवस मला एकट्याला सोडायचं नाही. आणि जास्त वाटलं तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता सरळ यायचं. "तोंड आधी कोरडं पडेल, गुण मागाहून येईल," त्या म्हणाल्या. "मधल्या काळात तुम्ही म्हणाल, ही बाई फसवी आहे. म्हणा. पण गोळी घ्या. नाहीच चालली तर बदलू." बोलण्याच्या उपचारांसाठी त्या पुढं मला एका मानसशास्त्रज्ञांकडं पाठवणार होत्या. गोळ्या देणारा आणि बोलून उपचार करणारा हे वेगळे असू शकतात, हेही मला तिथंच कळलं. इतकी पुस्तकं वाचून हे कुठं लिहिलेलं आढळलं नव्हतं.

जिना उतरताना बायको म्हणाली, "मला आयुष्यात पहिल्यांदा तुमचं एक वाक्य पहिल्या झटक्याला कळलं."

मंडळात आम्ही कावीळ झाल्याचं सांगितलं. कावीळ हा प्रतिष्ठित आजार आहे. तिला कुणी विचार कमी करायला सांगत नाही. अध्यक्ष स्वतः ऊस घेऊन आले.

तोंड कोरडं पडलं. ही बाई फसवी आहे, असं मी म्हणालो. बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि प्रश्न विचारायची. सुरुवातीला तिचा आवाज कापायचा. मग तो सवयीचा झाला. कणीक मळताना, वेणी घालताना, शाळेचे पेपर आवरताना ती विचारायची, "काय म्हणतंय आज? जगायचंय का?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "बरं. चहा घ्या." हा संवाद आमच्या घरात कुणी बाहेरच्यानं ऐकला असता, तर आम्हा दोघांनाही यशवंतपूरला पोचवलं असतं. पण मला त्याचा जो आधार वाटे, तो कसा सांगावा कळत नाही. कुणीतरी रोज सकाळी माझ्या त्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडून, आत कोण आहे ते बघून, तसंच उघडं ठेवून जात होतं.

एकदा डॉक्टरांना मी विचारलं, की तुम्ही सगळ्यांनाच कानडीत बोलायला लावता का. "छे," त्या म्हणाल्या. "कानडी माणूस कानडीत मस्त थापा मारतो. खालच्या अडत्यांना मी इंग्रजीत विचारते. पंचाईत होते त्यांची." तुम्हाला कुणी कुठल्या भाषेत विचारतं, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पहिली गोळी फारशी चालली नाही. "अंदाज चुकला," असं त्या खरोखरच म्हणाल्या आणि दुसरी दिली. माझ्या नोकरीत चूक शोधणाऱ्याला पगार मिळतो. चूक कबूल करणाऱ्याला मात्र मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

बदल कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी शेजारच्या घरातून फिल्टर कॉफीचा वास आला आणि तो कॉफीचा वास आहे, हे माझ्या लक्षात आलं. आणखी काही दिवसांनी वर्तमानपत्रातली एक बातमी शेवटपर्यंत वाचून झाल्यावर मला कळलं, की आपण वाचतोय. ती मल्लेश्वरमच्या नळाच्या पाण्याबद्दल होती, आणि माझा मल्लेश्वरमशी काडीचा संबंध नव्हता. तरी मी ती पुन्हा वाचली. ओळी एकमेकींना धरून चालल्या होत्या. एवढीशी गोळी, आणि तिच्या पलीकडं मल्लेश्वरमचं सगळं पाणी! मी देव मानत नाही, त्यामुळं नमस्कार कुठं करावा ते कळेना. तसाच बसून राहिलो.

मग ती सकाळ आली. बायको ओट्याशी, दुधाचं पातेलं शेगडीवर, आणि ती माझ्याकडं वळून विचारत होती, "काय म्हणतंय आज? जगायचंय…"

"अगं, ते दूध बघ! उतू चाललंय!" मी ओरडलो. चांगला खेकसलोच. "रोजचं आहे तुझं! समोर उभी राहतेस आणि लक्ष भलतीकडं!"

ती वळली नाही. दूध वर आलं, काठावर थबकलं आणि सगळ्या बाजूंनी खाली गेलं. गॅस फसफसून विझला. ती तशीच माझ्याकडं पाहत उभी होती, तोंडावर हात धरून. मी धावत जाऊन कॉक बंद केला आणि तिला आणखी दोन शब्द सुनावले. खिडकी उघडली. मग करपलेल्या दुधाचा वास नाकात गेला आणि आपण काय केलं ते मला कळलं. मला दूध वाया जायला नको होतं. त्या दुधाचं पुढं काही व्हावं, चहा व्हावा, दही लागावं, असं मला मनापासून वाटलं होतं. उद्याच्या दह्याची काळजी मी केली होती.

"उत्तर द्यायचं राहिलं," मी म्हणालो.

"कळलं की," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला यशवंतपूरला ती हे सगळं डॉक्टरांना सांगत होती, धारवाडी कानडीत, हातवारे करून, मी कसा ओरडलो त्याची नक्कल करत. डॉक्टरांनी थर्मासमधून कॉफी ओतली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मग शेगडी कुणी पुसली?" त्यांनी विचारलं.

"यांनीच की."

"पूर्ण? खालची जाळीसुद्धा?"

"काढून घासली."

"सरी," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं वाटायला लागलं की हुशार माणसं हमखास तेवढं करतात."